बळीराममधला ळ

ग्राफिक डिझाइनच्या वर्गात आधी रोमन अक्षरे शिकवतात. रायपूरच्या आमच्या वर्गातही पहिले वर्ष गारामोंड आणि हेल्वेटिका यांच्या ओळखीत गेले. देवनागरी दुसऱ्या वर्षी आली, आणि सरांनी तिच्यासाठी संपूर्ण सहामाही पुरेल असे तीन भागांचे काम दिले. पहिला भाग : या परिसरातला एखादा जुना लेख निवडून त्याची अक्षरे हाताने काढायची. दुसरा : हातलिखाणाचे वळण आणि छापाचे वळण यांतला फरक दाखवायचा. तिसरा : या शहराच्या छपाईच्या इतिहासातले एक पान आजच्या वाचकासाठी दोन भाषांत नव्याने मांडायचे. अट एकच होती. प्रत्येक निर्णयाचे कारण वहीत लिहायचे, आणि ‘सुंदर दिसते’ हे कारण धरले जाणार नाही.

हा लेख त्या वहीतून निघाला आहे. गुणांचा हिशेब केव्हाच मिटला. वहीत मात्र एक प्रश्न उरला, तो डिझाइनच्या विद्यार्थ्यांपुरता नाही. अक्षराचे वळण कोण ठरवते, आणि दोन भाषांच्या सीमेवरच्या गावात ते कुणासाठी ठरते?

पहिल्या भागासाठी मी ताम्रपट निवडले. रायपूरचे महंत घासीदास संग्रहालय १८७५ सालचे. नांदगावच्या संस्थानिकांच्या देणगीतून ते उभे राहिले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. तिथे ताम्रपट काचेआड असतात. त्यांच्यासमोर उभे राहून पाहता येते, गिरवता येत नाही. गिरवण्यासाठी मी फ्लीट यांच्या ग्रंथाचा आधार घेतला. जे. एफ. फ्लीट यांनी गुप्तकालीन कोरीव लेखांचा खंड १८८८ साली प्रसिद्ध केला. त्यात शरभपूरच्या राजांचे दोन ताम्रपट आहेत : महाजयराजाचा आरंगचा आणि महासुदेवराजाचा रायपूरचा. आरंग रायपूरच्या पूर्वेला, बसने तासाभरावर. ताम्रपट पाचव्या-सहाव्या शतकांतले.

या अक्षरांना पेटिकाशीर्ष म्हणतात, म्हणजे डोक्यावर पेटी असलेली. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक छोटा चौकोन असतो. काही लेखांत तो पोकळ असतो, काहींत भरीव. वळणे काटकोनी, आडव्या-उभ्या रेघांची. ठशांच्या मोठ्या झेरॉक्स काढून त्यांवर ट्रेसिंग कागद ठेवला आणि फक्त सहा अक्षरे निवडली : क, ग, म, र, ल, व. तीच पुन:पुन्हा काढली. पहिल्या दिवशीची पाने विटा रचल्यासारखी दिसत होती. चौकोन मी नीट आखत होते, पण तो अक्षराच्या अंगातून आल्यासारखा वाटत नव्हता. चार-पाच दिवसांनी पट्टी बाजूला ठेवली, बोरू घेतला आणि चौकोनापासून सुरुवात करून खाली उतरू लागले, तेव्हा अक्षर सुटे झाले. वहीत नोंद आहे : ‘डोके आधी, मग धड. इथे शिरोरेषा नाही. प्रत्येक अक्षर स्वतःची टोपी घालून उभे आहे. शब्द कुठे संपला हे डोळ्याला कळत नाही. ओळ म्हणजे चौकोनांची रांग.’

देवनागरी वाचणाऱ्याला शिरोरेषा इतकी सवयीची असते की तीही कुणी तरी घडवलेली गोष्ट आहे हे लक्षातच येत नाही. शब्दाला एकत्र बांधणारी ही आडवी रेघ नसती तर शब्दांमध्ये जागा किती सोडावी लागली असती, हे मला सहा अक्षरांनी शिकवले.

फ्लीट यांच्या त्याच खंडात आणखी एक पेटिकाशीर्ष ताम्रपट आहे : वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा, चम्मकचा. चम्मक हे अमरावती जिल्ह्यातले अचलपूरजवळचे गाव. विदर्भ आणि दक्षिण कोसल, म्हणजे आजचे मराठी वऱ्हाड आणि आजचे छत्तीसगढ, दोन्हीकडे ही डोक्यावर पेटी घेतलेली अक्षरे कोरली जात होती. या दोन प्रदेशांमधली मराठी-हिंदीची सीमा फार नंतरची. पुढे या लेखांचा अभ्यासही बराचसा नागपुरात झाला. वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा संग्रह १९५५ साली सिद्ध केला; त्यात छत्तीसगढातल्या रतनपूर शाखेचे लेख आहेत. वाकाटकांच्या लेखांचा खंड १९६३ साली आला. एका मराठी पंडिताच्या टेबलावर हे दोन्ही प्रदेश शेजारी शेजारी होते.

दुसऱ्या भागासाठी मी मोडी घेतली. वर्गातल्या मित्रांना त्याचे आश्चर्य वाटले. त्यांच्या लेखी मोडी पुण्याची. पण भास्करपंत कोल्हटकरांच्या फौजेने १७४१ साली रतनपूर घेतले आणि छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांकडे आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत होते. त्यांच्या कारभाराबरोबर मराठी आणि मोडी इथल्या दप्तरात शिरली. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी ॲग्न्यू यांनी मुख्यालय रतनपूरहून रायपूरला आणले, तेव्हा हे शहर मोठे होऊ लागले. आमचा तात्यापारा, बुढापारा ही जुन्या रायपूरची नावे ऐकत मी वाढले. आमच्या घरात मराठी टिकली ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि भांडणात. लिहिणे-वाचणे शाळेमुळे हिंदीत गेले.

मोडीचा लेखक आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग अक्षरे त्या रेघेला टांगत जातो. हात शक्य तितका उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ठेवायचा नाही. वेग हेच तिचे कारण. ताम्रपटात प्रत्येक अक्षराला स्वतंत्र डोके होते. मोडीत सगळ्या ओळीला मिळून एकच. बाळबोध देवनागरी या दोन्हींच्या मध्ये उभी आहे : शब्दापुरती रेघ, शब्द संपला की रेघ तुटली. तीन पाने शेजारी लावून मी वर्गात दाखवली आणि म्हटले, हा डोक्यांचा इतिहास आहे. सर म्हणाले, “ठीक है, अब बताओ कि छापेवाले ने इन सिरों का क्या किया.”

छापखान्याने केले ते असे. हाताने रेघ सलग येते. शिशाच्या खिळ्यांत ती तुकड्यातुकड्यांनी येते. प्रत्येक खिळ्यावर अक्षराबरोबर रेघेचा आपला वाटा असतो, आणि शेजारचा खिळा चिकटला की रेघ जुळते. खिळा झिजला, की जोडाजवळ रेघ तुटलेली दिसते. जुन्या पुस्तकांत भिंगाने पाहिले तर या फटी सापडतात. वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे, त्यामुळे देवनागरीच्या केसमध्ये शेकडो खण लागत. इंग्रजी कंपोझिटर एका जागी बसून हात फिरवी, तर देवनागरीवाल्याला आपला पसारा पाठ असावा लागे. मुंबईच्या जावजी दादाजींच्या निर्णयसागरने या खिळ्यांना जे देखणे रूप दिले, ते दूरवरच्या छापखान्यांपर्यंत पोचले. बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांवर लिहिलेले तीन खंड महाराष्ट्र शासनाने १९७१ साली प्रसिद्ध केले. एक खिळा ओतण्याआधी किती निर्णय झालेले असतात ते त्यांत कळते.

हे सगळे पाहताना खैरागढची एक फेरीही झाली. तिथल्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात (स्थापना १९५६) ‘ग्राफिक’ म्हटले की छापचित्रण असा अर्थ घेतात : दगड, लाकूड, जस्ताचा पत्रा, शाई. आमच्या वर्गात त्याच शब्दाचा अर्थ संगणक. तिथे एका ठोकळ्यावर मी माझी सहा अक्षरे उलटी कोरली. उलटे कोरताना अक्षर ओळखीचे राहत नाही, त्याचा फक्त आकार उरतो. डोळ्यांना तो व्यायाम पुढे उपयोगी पडला.

तिसऱ्या भागासाठी पान शोधायला फार फिरावे लागले नाही. छत्तीसगढातल्या पत्रकारितेची सुरुवात जिथून मोजतात ते मासिक ‘छत्तीसगढ़ मित्र’, जानेवारी १९००. ते निघाले पेंड्र्याहून, म्हणजे बिलासपूरच्याही उत्तरेच्या डोंगराळ भागातून. भाषा हिंदी. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी. पेंड्र्याला छापखाना नव्हता. छपाई आधी रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये झाली, नंतर नागपूरच्या देशसेवक प्रेसमध्ये. तीन वर्षे चालून १९०२ च्या डिसेंबरला ते बंद पडले. सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा यातच १९०१ साली आली. हिंदीतल्या पहिल्या कथांची चर्चा निघाली की तिचे नाव निघतेच. पुढे सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. २३ एप्रिल १९२६ रोजी त्यांचे रायपुरात निधन झाले. लाखे यांच्या नावाचे लाखेनगर आजही इथल्या रिक्षावाल्यांना पाठ आहे.

माझे काम असे ठरले : या मासिकाच्या पहिल्या अंकाची ओळख करून देणारी दोन भित्तिपत्रके, एक हिंदीत, एक मराठीत, शेजारी शेजारी लावण्यासाठी. मांडणी एकच, अक्षर एकच, मजकूर दोन्ही भाषांत सारखा. जुन्या पानाची नक्कल करायची नव्हती.

पहिला मोह पेटिकाशीर्षाचा होता. ‘छत्तीसगढ़’ या नावावर सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे चौकोन चढवले तर ते दिमाखदार दिसले असते. दोन दिवस मी ते काढलेही. मग वहीत कारण लिहायला बसले आणि कारण सापडले नाही. १९०० साली एक मासिक निघते, ते वाचायला शिकलेल्या साध्या माणसासाठी. त्याला राजाच्या दानपत्राची अक्षरे कशाला? चौकोन रद्द झाले. सहा अक्षरांनी मला जे शिकवले होते, ते अक्षरांच्या मधल्या जागेत वापरले.

खरी अडचण नंतर आली, आणि ती फार लहान होती. मासिकाच्या नावात एक टिंब आहे. हिंदीत ‘छत्तीसगढ़’ लिहितात, ढ खाली नुक्ता देऊन. मराठीत नुक्ता नाही. आपण ‘छत्तीसगढ’ लिहितो. दोन भित्तिपत्रकांतला मथळा एकच असायला हवा, तर टिंब ठेवायचे की काढायचे? मासिकाचे नाव हे नाव आहे, म्हणून दोन्हीकडे टिंब ठेवायचे ठरले. मराठी मजकुरात राज्याचे नाव मात्र बिनटिंबाचे. इथपर्यंत सोपे होते.

मग ल आला. मराठी ल दोन पाकळ्यांचा, शिरोरेषेला खालून लटकलेला. हिंदी ल ला उजवीकडे उभा दंड असतो. अक्षर एक, रूपे दोन. युनिकोडमध्ये दोन्हींना मिळून एकच क्रमांक आहे, ०९३२; कुठले रूप दाखवायचे ते फॉन्ट ठरवतो. फॉन्ट नीट बनवलेला असेल तर मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्यावर ल आणि श आपले वळण बदलतात. भाषा निवडलीच नाही, तर फॉन्टच्या घडवणाऱ्याने जे मुळात ठरवले असेल ते दिसते, आणि बहुतेक वेळा ते हिंदी वळण असते. विंडोजबरोबर लाखो घरांत पोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. जाहिरातक्षेत्रात, मग पवईच्या आयआयटीत शिकवण्यात आयुष्य घालवलेला हा मराठी सुलेखनकार. यंत्रात देवनागरी नेणारे हात मराठी होते, पण यंत्र ज्या सर्वांच्या देवनागरीसाठी बनले, तिच्यात मराठी ही एक उपशाखा ठरली.

याला इतिहास आहे. उत्तरेतल्या जुन्या छपाईत झ हा भ आणि क जोडल्यासारखा असे, आणि ण म्हणजे र पुढे दोन काने. स्वातंत्र्यानंतर लिपिसुधारणेच्या समित्या बसल्या, १९५३ साली लखनौला परिषद झाली. त्या सगळ्या प्रमाणीकरणातून हिंदीने मुंबई वळणाचे अ, झ, ण आपलेसे केले. उलट दिशेने दंडाचा ल महाराष्ट्रात आला. त्यालाही यंत्राचे कारण होते : दंड असला की तो छाटून अर्धे अक्षर मिळते, टंकयंत्राला ते सोयीचे. पाकळीच्या ल ला छाटायला दंडच नाही. अखेर २००९ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने निर्णय काढून मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि श चे मराठी वळण पुन्हा प्रमाण ठरवले. तो निर्णय महाराष्ट्रापुरता. रायपूरच्या मराठी माणसाचा ल कोणता, हे कुठल्याच सरकारने सांगितलेले नाही.

मी मराठी पत्रकात पाकळीचा ल ठेवला, हिंदी पत्रकात दंडाचा. ‘लाखे’ हे आडनाव दोन्ही पत्रकांत होते, दोन वेगळ्या डोक्यांनी. ळ मात्र असा सुटत नाही. तो रूपाचा प्रश्न नाही. ते अक्षरच हिंदीत नाही, छत्तीसगढीतही नाही. पूर्वेला ओडियात आहे, पश्चिमेला मराठीत आहे, मधल्या पट्ट्यात तो गळून पडतो. हिंदी ग्रंथांत लाखे यांचे नाव ‘वामन बलीराम लाखे’ असे लिहितात. आमच्या आडनावातही ळ आहे. आमच्या दारावरच्या पाटीत पेंटरने ल रंगवला. शाळेच्या दाखल्यावर, मतदार यादीत, गॅसच्या पुस्तकावर तोच गेला. आजी कुणाला दोष देत नाही. ती म्हणते, “लिहू दे त्यांना ल. बोलवताना आपण ळ म्हणतो ना, तेवढं पुरे.”

तेवढे पुरे आहे का, हे मला छपाईच्या दुकानात कळले. पत्रके मोठ्या आकारात छापायला दिली होती. मराठी मजकुरातले एक वाक्य शेवटच्या क्षणी बदलायचे होते म्हणून फाइल उघडीच दिली. संध्याकाळी गेले तर ऑपरेटर आनंदाने म्हणाला, “मैडम, एक जगह गलत टाइप हो गया था, मैंने ठीक कर दिया.” त्याने बळीरामचा बलीराम केला होता. माणूस कष्टाळू होता, माझ्या कामाची त्याला काळजी होती. त्याच्या डोळ्यांना तिथे चूक दिसली, कारण ते अक्षर त्याने शब्दात कधी पाहिलेले नव्हते. युनिकोडच्या तक्त्यात ल च्या लगेच पुढे, ०९३३ वर, ळ बसलेला आहे. संगणकाला तो माहीत आहे, शहराला नाही. अक्षर नाहीसे होते ते बंदीने क्वचितच. एखाद्या चांगल्या माणसाने केलेली ही दुरुस्ती पुरते.

मी त्याला ळ म्हणून दाखवला, त्याने दोनदा म्हणून पाहिला, हसला आणि परत टाकला.

मग प्रश्न हिंदी पत्रकाचा. तिथेही बळीराम लिहावे असे मनात आले. माणसाचे नाव त्याच्या आईने जसे हाकारले तसे छापावे, हे कारण वहीत लिहिलेही. त्याखाली दुसऱ्या दिवशीची नोंद आहे : ‘सप्रे-लाखे यांनी हे मासिक हिंदीत काढले. मराठी येत असून काढले. ज्या प्रदेशात राहतो तिथल्या वाचकाच्या भाषेत त्याच्याशी बोलायचे, हा त्यांचा निर्णय होता. त्यांच्या वाचकाला अडखळवणारे अक्षर त्यांच्या पानावर मी आणून बसवले, तर तो त्यांचा मान नव्हे, माझा हट्ट होईल.’ म्हणून हिंदी पत्रकात बलीराम राहिले आणि मराठी पत्रकात बळीराम. दोन्ही पत्रके शेजारी लावली. जिथे जिथे अक्षर वेगळे होते, ढ खालचे टिंब, ल, श, ळ, तेवढीच अक्षरे शेंदरी रंगात छापली, बाकी सगळे काळे.

परीक्षणाच्या दिवशी हिंदी बोलणारे वर्गमित्र मराठी पत्रकासमोर थांबून शेंदरी अक्षरे मोजत होते. एकीने विचारले, “यार, ये वाला ल तो हमारी दादी लिखती थी?” तिची आजी बालाघाटकडची होती, आणि बालाघाटात मराठी कानांवर पडत राहते. सरांनी वही चाळून एकच प्रश्न केला : यातले मूळ कोणते? मी म्हटले, दोन्ही. मासिक मूळचे हिंदी, माणसे मूळची मराठी, आणि पान त्या दोघांचे.

हे उत्तर त्या दिवशी सुचले, पण त्यामागे सहामाहीभराचे काम होते. आरंगच्या कोरक्याने चौकोन कोरला, दप्तरातल्या कारकुनाने आधी रेघ ओढली, ओतकाराने रेघ तोडून खिळ्यात बसवली, समितीने झ बदलला, शासनाने ल परत आणला. प्रत्येकाने आपल्या वाचकाकडे पाहून काही ठरवले. रचनाकाराचे कामही तेवढेच : समोर कोण उभे आहे ते पाहायचे आणि त्याच्यासाठी अक्षर निवडायचे. इतिहास वाचल्यावर निवड सोपी होत नाही. आपण निवड करत आहोत, एवढे मात्र कळते.

परवा लाखेनगरच्या चौकात नवी पाटी लागली. ल दंडाचा आहे, शहराच्या भाषेत असावा तसा. आमच्या दारावर मात्र मी नवी पाटी करवून घेतली, दोन ओळींची : वरती हिंदीत, खाली मराठीत. पेंटरने खालच्या ओळीचा कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला. मग त्याने माझ्याकडून ळ काढून घेतला, तीन वेळा पाटीच्या मागच्या बाजूला गिरवला, आणि मग पुढे रंगवला.